कोनो तारो: शिक्का, फ्लॉपी आणि तीन पिढ्या हुकलेली खुर्ची

आडवाटेचा_वाचक (धागाकर्ता)

जपानच्या राजकारणावर इथे धागा निघालाच तर तो आबेंवर तरी असतो, नाहीतर बुलेट ट्रेनवर. मला गेली काही वर्षं ज्या माणसाचं कुतूहल आहे तो पंतप्रधान झालाच नाही. कोनो तारो. (आडनाव आधी लिहितोय, कारण परराष्ट्रमंत्री असताना परदेशी माध्यमांनी जपानी नावं अशीच लिहावीत असा आग्रह त्याने स्वतः धरला होता.)

आधी निकाल सांगतो, मग माणूस.

२९ सप्टेंबर २०२१. लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला म्हणजे एलडीपीला नवा अध्यक्ष निवडायचा होता. संसदेत बहुमत त्यांचंच, त्यामुळे अध्यक्ष होईल तोच पंतप्रधान. उमेदवार चार. पहिल्या फेरीत किशिदा फुमिओ २५६, कोनो २५५. एका मताचा फरक! पण खरी गंमत आकडे फोडल्यावर दिसते. देशभरातल्या पक्षसदस्यांची ३८२ मतं होती, त्यातली कोनोला १६९ आणि किशिदांना ११०. खासदारांचीही ३८२, त्यात किशिदांना १४६, ताकाइची सानाए यांना ११४ आणि कोनोला ८६. लोकांत पहिला, सहकाऱ्यांत तिसरा.

दुसऱ्या फेरीत सदस्यांच्या मतांचं वजन एकदम उतरतं. प्रत्येक प्रांताला एक, अशी फक्त ४७ मतं. खासदारांची तेवढीच राहतात. त्या ४७ पैकी ३९ कोनोने घेतली. निकाल काय? किशिदा २५७, कोनो १७०. ताकाइचींच्या मागचे खासदार बहुतेक किशिदांकडे गेले आणि विषय संपला.

माझा मुद्दा असा की हा अपघात नव्हता. पंचवीस वर्षं हा माणूस ज्या गोष्टींमुळे लोकांना आवडत गेला, त्याच गोष्टींनी पक्षातल्या एकेका गटाला त्याच्यापासून तोडलं. सविस्तर खाली प्रतिसादांत लिहितो, एका दमात टंकवत नाही.

मिरचीभजी

वाचतेय, पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

पण वडील कोण, आजोबा कोण ते आधी सांगा. जपानी नेता म्हटलं की मी पहिलं तेच शोधते. उगाच 'सामान्य घरातला बंडखोर' असं काही निघायला नको.

आडवाटेचा_वाचक

@मिरचीभजी, अगदी बरोबर पकडलंत. घराणंच आहे, आणि साधंसुधं नाही.

आजोबा कोनो इचिरो. आधी 'आसाही' वृत्तपत्रात पत्रकार, मग कृषिमंत्री. १९५६ मध्ये मॉस्कोला जाऊन सोव्हिएत युनियनशी मासेमारीच्या वाटाघाटी केल्या त्या त्यांनी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं खातं त्यांच्याकडे होतं. पंतप्रधानपदाचे दावेदार होते आणि १९६५ मध्ये वारले. दोनच वर्षं आधी एका उजव्या कार्यकर्त्याने त्यांचं हिरात्सुकाचं घर पेटवून दिलं होतं.

वडील कोनो योहेई. १९७६ मध्ये लॉकहीड लाचप्रकरणाचा धुरळा उडालेला असताना एलडीपी सोडून त्यांनी नवा पक्ष काढला, दहा वर्षांनी परत आले. १९९३ मध्ये कॅबिनेटचे मुख्य सचिव असताना युद्धकाळात जपानी सैन्यासाठी बायकांना जबरदस्तीने ठेवलं गेलं त्याबद्दल सरकारतर्फे माफी मागणारं निवेदन त्यांनी केलं. ते आजही 'कोनो निवेदन' म्हणूनच ओळखलं जातं. त्याच वर्षी ते एलडीपीचे अध्यक्ष झाले, पण नेमका तेव्हा पक्ष विरोधात बसलेला. पुढच्या वर्षी सत्ता परत मिळाली ती समाजवाद्यांशी हातमिळवणी करून आणि पंतप्रधानपद गेलं त्यांच्या मुरायामांकडे. एलडीपीचा अध्यक्ष होऊनही पंतप्रधान न झालेला तो पहिला माणूस. नंतर सभापती होऊन निवृत्त.

म्हणजे आजोबांचं हुकलं, वडिलांचं हुकलं आणि २०२१ मध्ये नातवाचं.

हिशेबनीस

धागा चांगला आहे, पण 'लोकांचा माणूस' हे जरा सांभाळून. हिरात्सुका-चिगासाकीचा तो मतदारसंघ मुळात घराण्याचाच टापू. १९९६ पासून तिथून सलग निवडून येतोय. घरची मतं असली की बंडखोरी स्वस्त पडते. आपल्याकडे साखरपट्ट्यात काय वेगळं आहे?

आडवाटेचा_वाचक

स्वस्त पडते हे मान्य. पण सगळे वारसदार ती करत नाहीत ना.

सुरुवातच बघा. केइओ विद्यापीठात प्रवेश घेतला आणि दोन महिन्यांत सोडून अमेरिका गाठली. जॉर्जटाउनमधून पदवी. मध्ये एक सत्र पोलंडला शिकायला गेला, ते १९८४ साल. तिथले कामगार नेते लेख वाउएन्सा तेव्हा नजरकैदेसारख्या अवस्थेत. हा विद्यार्थी सरळ त्यांच्या घरी भेटायला गेला आणि पोलिसांनी धरला. परत आल्यावर फुजी झेरॉक्समध्ये नोकरी, काही काळ सिंगापूरला. मग निवडणूक.

२००२ मध्ये वडिलांचं यकृत निकामी झालं तेव्हा स्वतःच्या यकृताचा तुकडा दिला. राजकारणात बापलेकांचं पटत नव्हतं अशी चर्चा असायची, पण हे केलं.

आणि २००९. एलडीपी दारुण हरलेली, कुणालाच अध्यक्ष व्हायचं नव्हतं, तेव्हा हा उभा राहिला. प्रचारात म्हणे की जुन्या धेंडांनी आता मागच्या बाकांवर जावं. तानिगाकींना ३००, याला १४४. धेंडं हे विसरत नाहीत.

निशीकासाईकर

मी टोकियोच्या एदोगावा भागात राहतो. (होय, तेच निशी-कासाई, जिथे दर दुसऱ्या इमारतीत एक मराठी कुटुंब सापडतं आणि जिथून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक प्रभाग सभेवर निवडून आले.) कोनोला मत द्यायचा अधिकार मला नाही, पण त्याच्या निर्णयांखाली राहिलोय, म्हणून लिहितो.

शिक्क्याचं. जपानला 'हांको' म्हणजे काय हे बाहेरून कळत नाही. इथे आल्यावर आडनाव काताकानात (उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी लिपीत) कोरून घेतलं. घरभाड्याच्या करारावर तो, पार्सल घेताना तो, कंपनीत रजेच्या अर्जावरही तोच. अर्जाला उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी, प्रत्येक साहेबाचा शिक्का एकेका चौकटीत. काही जुन्या कचेऱ्यांत तर कनिष्ठाने आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, वरिष्ठाच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा. ही थट्टा नाही, खरंच तशी रीत आहे.

एप्रिल २०२० मध्ये आणीबाणी जाहीर झाली, सगळ्यांना घरून काम करा म्हणाले आणि लोक मास्क लावून निव्वळ शिक्का मारायला ऑफिसात जात होते. सप्टेंबरमध्ये नवे पंतप्रधान सुगा यांच्या मंत्रिमंडळात कोनो प्रशासकीय सुधारणा मंत्री झाला आणि त्याने सगळ्या खात्यांना विचारलं, शिक्का का लागतो ते सांगा, सांगता येत नसेल तर बंद करा. सरकारी कामांत सुमारे १५ हजार ठिकाणी खासगी शिक्का लागत होता. नोव्हेंबरपर्यंत ठरलं की ८३ ठिकाणी ठेवायचा, बाकी सगळीकडे काढायचा. आता तुम्ही याला काहीही म्हणा.

हिशेबनीस

मी याला सोपा चौकार म्हणेन. ते जे ८३ ठेवले ना, ते नोंदणीकृत शिक्क्याचे. जमिनीची नोंद वगैरे. जिथे खरोखर शिक्क्याला कायद्याचा अर्थ होता ते तसंच राहिलं. काढले ते दुकानात शंभर येनला मिळणारे, ज्यांनी तसंही काही सिद्ध होत नव्हतं.

आणि यामानाशीचं विसरू नका. देशातले शिक्के कोरणारे कारागीर मोठ्या संख्येने त्या प्रांतात आहेत. तिथले राज्यपाल खवळलेले असताना साहेबांनी ट्विटरवर काय टाकावं? 'शिक्का रद्द' असं कोरलेल्या शिक्क्याचा फोटो. नंतर काढून टाकला. चांगलं काम करून ज्याच्या पोटावर पाय आला त्यालाच टपली मारायची, हा स्वभाव आहे.

मिरचीभजी

हाहाहा, शिक्का रद्दचा शिक्का! माणूस आवडला मला.

कोकणकडा

मला त्याची पहिली आठवण त्या मध्यरात्रीच्या पत्रकार परिषदेची आहे. सप्टेंबर २०२०, नवीन मंत्रिमंडळ. तिथे पद्धत अशी की नवे मंत्री एकामागून एक पंतप्रधान कार्यालयात येऊन त्याच जागी उभे राहून बोलणार. कोनोची पाळी येईपर्यंत रात्रीचा एक वाजला. आणि तो त्याच मंचावरून म्हणाला की हे आधी बंद करा. प्रत्येकाने आपापल्या खात्यात बोललं असतं तर एव्हाना सगळे झोपले असते. जुनं आहे म्हणून चालू ठेवण्याचा हा कळसच. तिथे जागत बसलेले पत्रकार आणि कारकून मनात काय म्हणाले असतील!

त्याच दिवशी स्वतःच्या संकेतस्थळावर तक्रारपेटी उघडली, खात्याखात्यांतल्या भिंतींमुळे कुठे अडतंय ते लोकांनी कळवावं म्हणून. एका रात्रीत हजारो तक्रारी. दुसऱ्या दिवशी पेटी बंद, आधी आलेल्या निस्तरू द्या म्हणाला.

हिशेबनीस

@कोकणकडा, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. पेटी उघडल्याची बातमी होते, बंद झाल्याची होत नाही. फॅक्सचं तेच. २०२१ मध्ये जाहीर केलं की मंत्रालयांतून फॅक्स हद्दपार. खात्यांनी चारशेच्या आसपास हरकती पाठवल्या, कोर्टाची कामं, पोलिस, गोपनीयता वगैरे. फॅक्स जिवंत.

निशीकासाईकर

फॅक्स जिवंत आहे यात वाद नाही. आमच्या दाताच्या डॉक्टरकडे आहे, मुलीच्या पाळणाघरात आहे.

पण 'नुसता जाहिरातबाज' हे मला पटत नाही. लसीकरण आठवा. जानेवारी २०२१ मध्ये सुगांनी ते काम त्याच्या गळ्यात घातलं. लस फेब्रुवारीच्या मध्यात सुरू झाली, श्रीमंत देशांत जवळजवळ शेवटी. मे महिन्यात फोन लागत नव्हते, आजीआजोबा नोंदणीच्या पानापुढे हताश. २१ जूनपासून कंपन्यांत लस द्यायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात नवे अर्ज थांबवावे लागले, कारण साठा पुरेना. शिव्या भरपूर खाल्ल्या त्याने. पण दिवसाला दहा लाख डोसांचं जे उद्दिष्ट सगळ्यांना हास्यास्पद वाटत होतं ते उन्हाळ्यात गाठलं. पुढे त्या वर्षाच्या शेवटापर्यंत जपान बहुतेक पाश्चात्त्य देशांच्या पुढे होता.

गनिमी_कावा

संरक्षणाचं कुणी बोललं नाही अजून. माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा निर्णय तोच.

उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं पाडण्यासाठी 'एजिस अशोर' ही जमिनीवरची अमेरिकी यंत्रणा घ्यायचं आबे सरकारने ठरवलं होतं. जागा दोन, उत्तरेला आकिता आणि पश्चिमेला यामागुची. यामागुचीच्या गावकऱ्यांना खात्याने सांगून ठेवलेलं की प्रक्षेपणानंतर सुटणारा बूस्टर लष्कराच्या हद्दीतच पडेल, घाबरू नका. मग लक्षात आलं की नुसती संगणकप्रणाली बदलून ते जमणार नाही, क्षेपणास्त्रच नव्याने घडवावं लागेल. सुमारे २०० अब्ज येन आणि वर मोजायची दहा-बारा वर्षं.

दुसरा कुणी असता तर समिती नेमून पुढच्या मंत्र्यावर ढकललं असतं. हा १५ जून २०२० ला पत्रकारांसमोर आला आणि थांबवतोय म्हणाला. पक्षातल्या संरक्षणवाल्या खासदारांना ही बातमी टीव्हीवर कळली. पुढे पक्षाच्या बैठकीत त्यांच्यासमोर माफी मागताना याचा गळा दाटून आला होता. निर्णयाबद्दल मी त्याला पैकीच्या पैकी देईन. पण २०२१ मध्ये ८६ च का मिळाली, याचं अर्धं उत्तर त्या बैठकीच्या खोलीत बसलेलं होतं.

आडवाटेचा_वाचक

@गनिमी_कावा, हेच, हेच म्हणायचं होतं मला!

याला जोडून परराष्ट्र खातं. २०१७ मध्ये मंत्री झाला तेव्हा सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे, कोनो निवेदनाचा मुलगा काय बोलतो. पहिल्याच भेटीत चीनचे वांग यी म्हणाले की तुमचे वडील सरळ माणूस, तुमच्याकडून मात्र निराशा झाली. याने उत्तर दिलं, चीननेही मोठ्या देशासारखं वागायला शिकावं. जुलै २०१९ मध्ये दक्षिण कोरियाच्या राजदूतांना बोलावून कॅमेऱ्यांसमोर मध्येच तोडलं आणि 'अत्यंत उद्धट' म्हणाला. वडिलांमुळे उजवे त्याच्याकडे संशयाने बघायचे आणि असं वागून तो संशय फेडत होता की काय, असं मला वाटतं. उजव्यांनी शेवटी मत दिलं ताकाइचींनाच.

मिरचीभजी

पत्रकारांनाही असाच म्हणे? कुठेतरी वाचलं होतं 'पुढचा प्रश्न' वगैरे.

कोकणकडा

हो. डिसेंबर २०१८. रशियाशी शांतता कराराच्या बोलण्यांबद्दल विचारलं, उत्तर 'पुढचा प्रश्न'. दुसऱ्याने तेच विचारलं, 'पुढचा प्रश्न'. असं चार वेळा. शेवटी एकाने विचारलं की हे सारखं 'पुढचा प्रश्न' का? त्यालाही उत्तर 'पुढचा प्रश्न'. नंतर ब्लॉगवर दिलगिरी.

ट्विटरवर वीस लाखांवर लोक त्याच्या मागे आणि जरा वाकडं बोललं की ब्लॉक. लोक 'ब्लॉक तारो' म्हणतात त्याला. इथे तो सदस्य असता तर हिशेबनीस पहिल्या पानावरच उडाले असते (दिवे घ्या).

हिशेबनीस

घेतले. आमचा खरडफळ्यावरचा अनुभव दांडगा आहे.

गंभीरपणे सांगायचं तर मंत्र्याने ब्लॉक करणं हा मला छोटा मुद्दा वाटत नाही. लस, विम्याचं कार्ड, सगळ्याची माहिती तो त्याच खात्यावरून देत होता.

अणुऊर्जेचं पण येऊ द्या. फुकुशिमाच्या आधीपासून हा रोक्काशोच्या इंधन पुनर्प्रक्रिया प्रकल्पाविरुद्ध लिहीत होता. एलडीपीत तसं लिहिणं म्हणजे वीजकंपन्यांशी थेट वैर. पण २०१५ मध्ये पहिल्यांदा मंत्रिपद मिळालं आणि ब्लॉगवरचे ते जुने लेख रातोरात दिसेनासे झाले. २०२१ च्या प्रचारात सुरक्षित ठरलेल्या अणुभट्ट्या चालू कराव्या लागतील म्हणाला. २०२४ मध्ये डेटा सेंटरांना वीज लागणार म्हणून आणखी मऊ. ज्यांना तो अणुविरोधी म्हणून आवडायचा ते गेले, आणि वीजवाले काही आले नाहीत.

निशीकासाईकर

+१. इथे मी हिशेबनीसांच्या बाजूला.

आता फ्लॉपी, कारण तिच्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये डिजिटल मंत्री झाल्यावर त्याने फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं. सुमारे १,९०० सरकारी कामांत 'अमुक माध्यमावर सादर करावे' असं नियमात लिहिलेलं होतं, कुठे फ्लॉपी, कुठे सीडी. सोनीने फ्लॉपी बनवणं २०११ मध्येच थांबवलेलं. आजकाल फ्लॉपी मिळते तरी कुठे, असं त्याने पत्रकारांनाच विचारलं. जून २०२४ च्या अखेरीस हजारावर नियम बदलून झाले, वाहनांच्या पुनर्वापराशी संबंधित एक तेवढा उरला, आणि त्याने विजय जाहीर केला.

२०२२ च्याच वसंतात, म्हणजे तो डिजिटल मंत्री होण्याच्या थोडं आधी, यामागुचीतल्या आबु नावाच्या छोट्या गावात ४६३ गरीब कुटुंबांना कोविड मदतीचे एकेक लाख येन द्यायचे होते. गावच्या कचेरीने बँकेत यादी दिली, फ्लॉपीवर. आणि वेगळ्या एका कागदावर सगळी रक्कम यादीतल्या पहिल्या माणसाच्या नावे लिहून दिली. ४ कोटी ६३ लाख येन एकाच्या खात्यात. त्याने ते ऑनलाइन जुगारात फिरवले, अटक झाली, पुढे बहुतेक पैसे परत मिळाले. जगभर फ्लॉपीवर हसले सगळे. पण फ्लॉपीतली यादी बरोबर होती हो! चुकला होता तो कागद, जो भरून, तपासून रीतसर पुढे गेला. माध्यम बदललं म्हणून तो बरोबर झाला नसता.

गनिमी_कावा

@निशीकासाईकर, भारी तपशील. माय नंबरचंही लिहा ना, तुम्ही तिथे आहात.

निशीकासाईकर

लिहितो. थोडं लांबेल.

प्रत्येक रहिवाशाला १२ आकडी नंबर, आणि हवं असेल तर फोटोचं कार्ड. कायद्याने कार्ड ऐच्छिक. लोक घेईनात, म्हणून आधी २० हजार येनपर्यंतच्या पॉइंटांचं आमिष दाखवलं. तरी रांग हवी तेवढी लागेना. १३ ऑक्टोबर २०२२ ला कोनोने जाहीर केलं की २०२४ च्या शरदात आरोग्य विम्याचं जुनं कार्ड बंद होणार आणि ते काम माय नंबर कार्डच करणार. म्हणजे ऐच्छिक, पण डॉक्टरकडे जायचं असेल तर घ्या!

मग वर्षभरात एकेक भानगड. योकोहामात एक जण दुकानातल्या यंत्रावर दाखला काढायला गेला, हातात आला दुसऱ्याच कुणाचा. सात हजारांवर लोकांच्या विम्याची माहिती भलत्याच्याच नंबरला जोडलेली निघाली. आणि सरकारी मदत जमा व्हावी म्हणून जी बँक खाती जोडायची होती, त्यात जवळपास १ लाख ३० हजार नोंदींत घरातल्या दुसऱ्याचं खातं, म्हणजे मुलाच्या नंबरला बापाचं.

ते संगणकाने पकडायला नको होतं का? इथेच मेख आहे. कार्डावर नाव कांजीत (चिनी चित्राक्षरांत), बँकेत काताकानात. एकाच कांजीचे उच्चार अनेक, आणि कुटुंब नोंदवहीत उच्चार लिहायची सक्तीच नव्हती. त्यासाठी २०२३ मध्ये कायदा बदलावा लागला.

आमची तऱ्हा आणखी निराळी. माझ्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आपलं नेहमीचं. कार्डावर ते तिन्ही रोमन लिपीत. बँकेने काताकानात लिहिलं तर चौकटीत मावेना, म्हणून वडिलांच्या नावाचं शेवटचं अक्षर उडालं. विम्याकडे वडिलांचं नावच नाही. प्रभाग कचेरीतल्या बाई तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून नम्रपणे विचारत होत्या की ही तीन माणसं आहेत का. असे इथे अनेक मराठी लोक सापडतील. दोष कोनोचा नाही, हे त्याच्या आधीपासूनचं. पण हे सगळं असं अर्धवट आहे हे ठाऊक असताना तारीख जाहीर करून टाकणं, ते त्याचंच.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने तीन महिन्यांचा मंत्रिपदाचा पगार परत करणार म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात माहिती संरक्षण आयोगाने त्याच्याच डिजिटल खात्याला ठपक्याचं पत्र दिलं. जुनी कार्डं देणं मात्र ठरल्याप्रमाणे २ डिसेंबर २०२४ ला थांबलंच, तोवर तो मंत्री राहिला नव्हता.

कोकणकडा

शिक्के काढताना लोक टाळ्या वाजवत होते, कारण काम कमी होत होतं. कार्डाच्या वेळी काम वाढलं. एवढं सरळ आहे.

मिरचीभजी

तीन माणसं आहेत का!! 😂

आपल्याकडे आधारवरही बोटांचे ठसे न जुळल्याने रेशन अडलेलं पाहिलंय, त्यामुळे जपानला हसायचा हक्क नाही आपल्याला. जाता जाता, या कोनोनेच यूपीआयबद्दल काहीतरी म्हटलं होतं ना?

आडवाटेचा_वाचक

हो, २०२३ मध्ये. भारताच्या यूपीआयशी जोडून घेण्याचा आम्ही गांभीर्याने विचार करतोय, असं डिजिटल मंत्री म्हणून एका भारतीय वाहिनीला सांगितलं होतं त्याने. आपल्या वर्तमानपत्रांनी मथळे केले.

आता शेवटचा अंक. सप्टेंबर २०२४, पुन्हा अध्यक्षाची निवडणूक. काळ्या पैशाच्या प्रकरणाने एलडीपीतले जवळजवळ सगळे गट विसर्जित झालेले, उरला एकटा माजी पंतप्रधान आसो तारोंचा. आणि गटबाजीविरुद्ध बोलण्यावर ज्याची अर्धी हयात गेली तो कोनो नेमका त्याच गटात! लोकांनी हे बरोबर टिपलं.

उमेदवार नऊ. ताकाइची १८१, इशिबा १५४, कोइझुमी शिंजिरो १३६... असं करत खाली या, आठव्या नंबरावर कोनो, ३०. सदस्यांच्या ३६८ मतांपैकी आठ. तीन वर्षांपूर्वी ज्याला १६९ होती त्याला आठ! दुसऱ्या फेरीत इशिबा जिंकले. २०२१ मध्ये हेच इशिबा आणि कोइझुमी कोनोच्या मागे उभे होते.

गनिमी_कावा

आणि खासदारांची २२. तिथे अर्ज भरायलाच २० खासदारांच्या सह्या लागतात. ते वीस, स्वतः तो आणि आणखी कुणीतरी एक.

हिशेबनीस

त्यातल्या त्यात बरं. नवव्या नंबरच्या कातोंना सोळाच पडली. सह्या देणाऱ्यांतलेही सगळे टिकले नाहीत.

पण @आडवाटेचा_वाचक, तुमच्या मूळ मुद्द्याला इथे तडा जातो की. 'लोकांना आवडायचा, पक्षाला नाही' हे २०२१ ला लागू. २०२४ ला लोकांनीच सोडलं.

आडवाटेचा_वाचक

तडा नाही, पुढची पायरी म्हणेन. खासदार जमवता येत नव्हते म्हणून त्याला आसोंचा हात सोडता येईना, गटात राहण्यासाठी अणुऊर्जेवर मऊ व्हावं लागलं, आणि तेवढं करून खासदार काही वाढले नाहीत. उलट ज्यासाठी लोक मत द्यायचे ते गेलं. माय नंबरने उरलेलं केलं. २०२१ मध्ये हरल्यावर गट सोडून बाहेर पडला असता तर २०२४ वेगळं दिसलं असतं असं माझं मत आहे.

हिशेबनीस

बाहेर पडला असता तर २० सह्या कुणाच्या घेतल्या असत्या? इशिबांनी गट मोडून काढला तरी त्यांच्याकडे जुनी माणसं होती. याच्याकडे फॉलोअर्स होते.

कोकणकडा

२०२४ मध्ये त्याने आणखी एक पिल्लू सोडलं होतं ना, नोकरदारांनी करविवरण स्वतः भरायचं म्हणून?

निशीकासाईकर

हो! जपानमध्ये बहुतेक नोकरदार विवरण भरतच नाहीत. वर्षाच्या शेवटी कंपनी हिशेब जुळवून जादा कापलेला कर डिसेंबरच्या पगारात परत देते. कोनो म्हणाला, ही पद्धत बंद, सगळ्यांनी ऑनलाइन स्वतः भरा, म्हणजे कुणाचं उत्पन्न किती ते सरकारला वेळेवर कळेल आणि अडचणीतल्या माणसापर्यंत मदत लगेच पोहोचेल. कल्पना म्हणून वाईट नाही. पण निवडणुकीच्या प्रचारात पाच-सहा कोटी पगारदारांना सांगायचं की तुमचं डोकेदुखीचं काम वाढवणार आहे! आमच्या ऑफिसातले जपानी सहकारी राजकारणावर चकार शब्द काढत नाहीत, पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघांनी आपणहून विषय काढला.

मिरचीभजी

म्हणजे ती आठ मतं विवरण भरायला आवडणाऱ्यांची.

@हिशेबनीस, तुम्ही त्यातले नक्की.

हिशेबनीस

मी दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात भरतो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).